काठाकाठानं

व्हॅनमधली दोन्ही बाकं काढली,
त्या जागी गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन,
तंबूसाठी उसाच्या ट्रॉलीची जुनी ताडपत्री.
मागच्या काचेवरचं 'शालेय वाहतूक' तसंच राहिलं.
हे म्हणाले, खरवडायला ब्लेड नाही.
ब्लेड होतं. मी काही बोलले नाही.
शाळेनं स्वतःच्या बस घेतल्या त्याला आता दीड वर्ष झालं.

ऋजुता तिकडे ऑस्ट्रेलियात
समुद्राच्या कडेकडेनं निघालेली, जावयासोबत, नऊ दिवस.
रात्री तंबू, दिवसा बारकी बारकी गावं.
एका गावात म्हणे एक पंप, एक बेकरी
आणि पंपावर बसलेला पेलिकन.
"आई, गाडी इकडेही डावीकडूनच चालवतात."
एवढ्या एका गोष्टीवर आम्ही साताऱ्याहून निघालो.
समुद्र नसेना का,
कृष्णा आहे की.

माहुलीला पुलाच्या सावलीत डबा उघडला,
धपाटी, दही, आणि ठेच्यात ह्यांचं बोट.
उंब्रजला चहावाला म्हणाला, कुठल्या शाळेची सहल?
हे म्हणाले, आमचीच.

कऱ्हाडला कोयना समोरून येते, कृष्णा समोरून येते,
टक्कर होणार असं वाटतं
तोवर दोघी मुकाट काटकोनात वळतात.
चौतीस वर्षं झाली,
वळताना आमचं अजून भांडण होतं.
"डावीकडे म्हटलं होतं मी."
"कधी?"

रेठऱ्याच्या पुढे नदी दिसेना.
ऊस, ऊस, मध्येच विटांची भट्टी, परत ऊस.
नदी पलीकडून चालत असणार आमच्याबरोबर,
पदर सावरत, वासावरून कळत होतं.
बह्याला सापडली. तिथं पाय धुतले.

भिलवडीच्या अलीकडे अंधारात ताडपत्री बांधत होतो,
तर बॅटरी घेऊन एक आजोबा आले.
"काढा ते. मगर हाय हितं.
गेल्या आठवड्यात शेळी नेली."
ऋजुतानं सकाळीच फोटो पाठवलेला,
पिवळी पाटी, तोंड उघडलेली मगर.
मी तिला कळवलं, आमच्याकडे पाटी नाही,
आमच्याकडे दत्तूआबा पवार आहेत.

त्यांनीच शाळेच्या ओट्यावर झोपायला जागा दिली.
ओट्याच्या भिंतीवर निळ्या रंगाची आडवी रेघ,
खाली लिहिलेलं: २०१९, पाणी इथवर.
ह्यांनी हात वर केला. पोचला नाही.
टाच उचलली. तरी नाही.
मग खाली बसले आणि बराच वेळ
सतरंजीची घडी उलगडत राहिले.

सकाळी वळणावर एका मुलीनं हात केला.
दोन वेण्या, लाल रिबिनी, पाठीवर दप्तर.
काचेवरचं वाचून ती खुशाल चढली,
गादीवर बसायचं म्हणून चपला काढून मांडीवर घेतल्या.
हे आरशात बघून निघाले,
तसेच, जसे पूर्वी निघायचे, वीसच्या वेगानं,
प्रत्येक खड्ड्याला आधी सांगून.
दोन किलोमीटर. शाळा आली.
"काका, उद्या जरा लवकर या."
"येतो," हे म्हणाले.

मग दिग्रजपर्यंत गाडीत फक्त स्टोव्ह वाजत होता.

सांगलीत ट्रॅफिक, हॉर्न, ह्यांचा मूळ स्वभाव परत.
हरिपूरला पोचलो तेव्हा उन्हं उतरलेली,
हवेत हळदीचा वास,
वारणा कृष्णेत शिरताना पाण्याचे दोन रंग
थोडा वेळ वेगळे दिसतात म्हणतात.
मला तरी एकच दिसला. मातकट.

तिकडे त्यांना आज दिवसभर धुकं.
"समुद्र दिसलाच नाही आई, नुसता ऐकला.
तू भिंतीचा फोटो पाठवलास, ती रेघ कसली?"
मी लिहिलं, किनारा.
मग वाटलं, हिला कळायचं नाही.
खाली लिहिलं: भडंग घेतलंय तुझ्यासाठी, दोन किलो.
बाबा विचारतायत,
भिलवडीची शाळा किती वाजता भरते
हे फोनवर बघता येतं का.